नाण्याची पारख : कस सोन्याचा आणि प्रत ठशाची

आपल्या बोलण्यात काही शब्द असे आहेत की ते वापरताना आपण सराफाच्या दुकानात उभे आहोत याची आपल्याला आठवणही राहत नाही. एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो. गडी खणखणीत आहे म्हणतो. बावनकशी माणूस म्हणतो. कसोटीला उतरला, पारख झाली, नाणे खोटे निघाले, हे सगळे शब्द पैशाच्या पारखीतून आले. बट्टा म्हणजे झिजलेले किंवा परमुलखातले नाणे घेताना त्याच्या किमतीत जी तूट धरीत ती. खणखणीत म्हणजे दगडावर टाकले असता ज्याचा नाद स्वच्छ उठतो ते. बावन कसांचे सोने म्हणजे शुद्धातले शुद्ध. इतके शब्द मागे राहिले, याचा अर्थ एके काळी ही पारख रोजची होती. ती केल्याशिवाय बाजारात पाऊल टाकता येत नव्हते.

आज तुमच्याआमच्या घरात एखादी पुतळ्यांची माळ असते, आजीने जपलेली एक गिन्नी असते, क्वचित कोणाच्या शेतात नांगराला जुने नाणे लागते. ते घेऊन आपण सोनाराकडे जातो. तो वजन करतो, कस पाहतो, भाव सांगतो. त्याने सांगितलेला भाव बहुधा खराच असतो. पण तो सोन्याचा भाव झाला. नाण्याचा भाव निराळा असू शकतो, आणि या दोहोंतला फरक न कळल्यामुळे किती नाणी मुशीत गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. आजचे बोलणे त्या फरकाविषयी आहे.

आधी जुना काळ पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून शिवछत्रपतींची बखर लिहिली. तीत महाराजांच्या खजिन्यातील नाण्यांची यादी आहे. ती वाचताना जीव दमतो. मोहरा, पुतळ्या, पातशाही होन, शिवराई होन, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी अशी नावामागून नावे येतात. काही विजयनगरच्या रायांची, काही पातशहांची, काही थेट समुद्रापलीकडची. ही सगळी नाणी एकाच वेळी चालत होती, आणि प्रत्येकाचे वजन निराळे, कस निराळा. तेव्हा 'शंभर होन दिले' एवढे म्हणून भागत नसे. कोणते होन, हे विचारावे लागे.

ते विचारणारा माणूस म्हणजे पोतदार. खजिन्याच्या थैलीला फारसीत फोता म्हणत. फोतेदाराचा आपल्याकडे पोतदार झाला. सरकारी भरण्यात येणारे प्रत्येक नाणे पारखून घेणे हे त्याचे काम. खेड्यात बहुधा गावचा सोनारच हे काम करी, आणि म्हणून साताऱ्यापासून मिरजेपर्यंत पोतदार आडनावाची घरे आजही गावोगाव भेटतात. त्यांतल्या पुष्कळांना आपले आडनाव नाण्यांवरून पडले आहे याची कल्पनाही नसेल.

पोतदाराजवळ साधने काय होती? एक नाजूक तराजू, गुंजा-माशांची वजने, कसोटीचा काळा दगड आणि स्वतःचे कान व डोळे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. नाणे आधी तराजूत जाई. मग दगडावर वाजे. आत शिसे किंवा तांबे भरलेले असले तर आवाज बद्द येतो. मग कसोटीवर त्याची एक रेघ ओढायची, शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढायची, आणि दोन्हींचा रंग ताडून पाहायचा. शंका राहिली तर कडेला बारीकसा छेद देऊन आतला धातू बघायचा, आणि नाणे पसंत पडले की त्यावर आपली बारीक खूण ठोकायची. जुन्या रुपयांवर आणि मोहरांवर चंद्र, फूल, ठिपके अशा ज्या लहान लहान खुणा दिसतात, त्या या सराफांच्या. आजचे संग्राहक त्या पाहून नाक मुरडतात. नाणे डागाळले म्हणतात. मला स्वतःला अशी नाणी फार आवडतात. ते नाणे पेठांमधून फिरले, कोणीतरी ते हातात घेऊन 'ठीक आहे' म्हणाले, याची ती सही आहे.

या पारखीला राजकारणातही किती वजन होते ते पाहा. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे हजर होता. तहाच्या कलमांत इंग्रजांनी एक कलम असे घातले होते की आमची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांचे उत्तर ऑक्झिंडेनच्या कागदात नोंदलेले आहे. त्याचा आशय असा, की हे कलम तहात घालण्याचे कारणच नाही. कोणाचे नाणे चालू नये अशी आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घ्या अशी सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असेल तर ते आपोआप चालेल. शिक्षक बंधुभगिनींनो, राज्याभिषेकाचा धडा शिकवताना हत्तीघोड्यांबरोबर हे उत्तरही मुलांना जरूर सांगा. नाण्यावर राजाचे नाव असले म्हणजे ते खरे ठरत नाही, त्याची पारख झाली पाहिजे, हे ज्याने नुकतेच स्वतःच्या नावाचे नाणे पाडले तोच राजा सांगत आहे.

ते नाणे म्हणजे शिवराई होन. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे कडे. वजन सुमारे पावणेतीन ग्रॅम. बोटाच्या नखाएवढा हा सोन्याचा तुकडा आज इतका दुर्मिळ आहे की तो पाहायला मिळणे हेच भाग्य. त्याची तांब्याची बहीण, म्हणजे पैशाची शिवराई, मात्र आपल्या भागात ढिगाने सापडते, कारण ती पुढे कितीतरी पिढ्या पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही लोकांच्या हातात खेळत राहिली. दुदांडी शिवराई तर अनेक घरांत देवापुढे ठेवलेली असते.

होनाच्या वजनावरून एक गंमतीचे गणित सुचते. ऑक्झिंडेनने लिहिले आहे की महाराजांची सुवर्णतुला झाली, तेव्हा सुमारे १६,००० होन भरले. आता हे शिवराई होन धरले, तर वजन येते ४४ किलो. विजयनगरच्या परंपरेतले ३.४ ग्रॅमचे होन धरले, तर ५४ किलोच्या थोडे वर. आकडा तोच, होन निराळा, आणि माणसाच्या वजनात दहा किलोंचा फरक! आकडा गोल आहे हे खरे, म्हणून यावरून महाराजांच्या देहाविषयी फार काही ठरवू नये. पण 'कोणता होन' हा पोतदाराचा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही सुटत नाही, एवढे त्यातून दिसते.

पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि मराठी राज्याची गादी आपल्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आली. राज्य पसरले तसा नाण्यांचा पसारा वाढला. न्यायमूर्ती रानडे यांनी पेशवे दप्तरातील कागदांवरून मराठ्यांच्या टाकसाळींवर एक निबंध लिहिला आहे. धारवाडकडे खासगी टाकसाळी निघून त्यांतून हलक्या कसाची नाणी बाहेर पडू लागली, तेव्हा त्या बंद करून एक सरकारी टाकसाळ घालावी लागली, अशी हकिकत त्यात येते. म्हणजे पोतदाराला सवड अशी कधी मिळालीच नाही.

त्याचे काम संपवले ते कंपनी सरकारच्या १८३५ च्या नाणे-कायद्याने. यंत्रावर पाडलेला, एका वजनाचा, एका कसाचा रुपया सगळीकडे आला. त्याच कायद्याने सोन्याचे नाणे कायदेशीर चलन राहिले नाही. टाकसाळीत मोहरा पाडता येत, पण त्या घेतल्याच पाहिजेत असे बंधन कोणावर नव्हते. पुढे साताऱ्याचे राज्यही १८४८ मध्ये खालसा झाले. बाजारातून उठलेले सोन्याचे नाणे मग कोठे गेले? गळ्यात गेले.

आपल्याकडची पुतळ्यांची माळ हा याचा उत्तम दाखला आहे. पुतळी हे मूळचे इटलीतल्या व्हेनिस नगरीचे नाणे, डुकाट. १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाचशे वर्षे, ते जवळजवळ एकाच ठशाचे, साडेतीन ग्रॅमचे आणि अगदी शुद्ध सोन्याचे निघत राहिले. एका बाजूस संत मार्क उभा आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा डोज, म्हणजे तिथला राज्यप्रमुख. दोघांच्या मध्ये ध्वजाची काठी. दुसऱ्या बाजूस लांबट कड्यात ताऱ्यांमध्ये उभा येशू. आपल्या बायकांनी त्यात दोन आकृती पाहिल्या आणि नाव ठेवले पुतळी. कोणाला त्यांत रामसीताही दिसले. व्यापाऱ्यांबरोबर आलेले हे नाणे इतके आवडले की आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या इथे घडवायला सुरुवात केली. म्हणून आज एखाद्या माळेत एकदोन खरी व्हेनिसची आणि बाकीची देशी पुतळी, असा मेळ असू शकतो. खऱ्या डुकाटावर डोजचे नाव आणि अक्षरांच्या ओळी वाचता येतात. देशी नकलेत कारागिराला लिपी येत नसल्याने अक्षरांच्या नुसत्या काड्या होतात. सोने दोन्हींतही चांगले असू शकते. पण एक व्हेनिसच्या टाकसाळीचा ऐवज आहे आणि दुसरा आपल्या एखाद्या अनाम सोनाराचा. आणि हा दुसराही काही टाकाऊ नव्हे बरे का!

सोन्याच्या पारखीत आपला भाग आजही कोणाला हार जाणारा नाही. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्या जिल्ह्यातले विटे, खानापूर, आटपाडी हा सारा दुष्काळी टापू, आणि साताऱ्याकडचे माण-खटावही तसेच. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून इथली माणसे बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. यांना आपण गलाईवाले म्हणतो. दिल्ली, कोलकाता, तमिळनाडू, केरळ, देशातल्या बहुतेक मोठ्या सराफपेठांत विट्याकडचा गलाईवाला भेटतोच. त्याची रीत थोडक्यात अशी. मोडीच्या सोन्यात चांदी अशी मिसळायची की एकूण गोळ्यात सोने सुमारे एक चतुर्थांश राहावे. मग तो गोळा तेजाबात उकळायचा. चांदी आणि तांबे विरघळून जातात, सोने तळाशी तपकिरी भुकटीसारखे उरते. ती भुकटी धुऊन, टाकणखार घालून मुशीत आटवली की पिवळी धमक कांडी तयार. चांदी आधी का मिसळायची, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. सोने फार असले तर ते चांदीला आत कोंडून ठेवते, तेजाब आत पोचतच नाही, म्हणून.

असा हा तरबेज पारखी. पण त्याच्यापुढे शिवराई होन ठेवला, तर तो काय सांगेल? 'सोने चांगले आहे' एवढेच. आणि इथेच खरी मेख आहे. आज बाजारात जे नकली होन फिरतात, त्यांतले काही खऱ्या सोन्याचेच असतात! नकली होन करणाऱ्याला दोन-तीन ग्रॅम सोने घालायला परवडते, कारण होनाची किंमत सोन्याच्या कितीतरी पट. म्हणजे सोने खरे, होन खोटा. तराजू पास करील, कसोटी पास करील, गलाईवाला पास करील. नापास करील तो ठसा ओळखणारा.

येथे दुसऱ्या प्रकारची पारख सुरू होते. तिला प्रतवारी म्हणू. हा शब्द आपल्याला नवा नाही. सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा होतो, तेव्हा सगळी हळद हळदच असते. पण कांडीची जाडी, रंग, चकाकी, कीड आहे की नाही, हे पाहून एका ढिगाला एक भाव आणि शेजारच्या ढिगाला दुसरा भाव मिळतो. नाण्याचेही तसेच. खरे की खोटे हा पहिला प्रश्न, आणि खरे असेल तर किती चांगल्या अवस्थेत, हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देण्याची पद्धत अमेरिकेत निघाली. विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटांविषयी पुस्तक लिहिले आणि त्यात नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० असे गुण दिले. ७० च का? तर सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचे, असा त्याचा हिशेब होता. हिशेब पुढे टिकला नाही, आकडे मात्र टिकले. त्यात एक गंमत आहे. ज्या नाण्याला ते लोक 'गुड' म्हणतात ते अवघ्या चार गुणांचे, म्हणजे जवळजवळ गुळगुळीत झालेले असते. अजिबात न वापरलेले नाणे साठापासून पुढे. तेव्हा इंग्रजी यादीत 'गुड' वाचून कोणी हुरळून जाऊ नये.

१९८६ पासून तिकडे यासाठी स्वतंत्र धंदेवाईक संस्था निघाल्या. पुढच्याच वर्षी दुसरी आली. रीत अशी की नाणे विकणारा वेगळा, घेणारा वेगळा आणि प्रत ठरवणारा तिसराच. दोन-तीन जाणकार एकमेकांना न विचारता भिंगातून नाणे पाहतात, दिव्याखाली तिरपे फिरवतात, उंचवट्यांची झीज, पृष्ठावरचे ओरखडे, मूळची झळाळी तपासतात आणि आकडा देतात. मग ते नाणे पारदर्शक कडक डबीत कायमचे बंद करतात, आत चिठ्ठीवर आकडा आणि क्रमांक. नाणे खरे असल्याची हमी संस्था घेते. ज्या नाण्याला कधी कडी जोडली होती, ज्याला घासले आहे, त्याला नुसता आकडा न देता तो दोष चिठ्ठीवर लिहितात.

हौशी माणसाला याचा उपयोग काय? एक उदाहरण आपल्या मुंबईचेच घेऊ. पहिल्या महायुद्धात विलायतेहून नाणी आणणे कठीण झाले, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईच्या टाकसाळीत दोन सोन्याची नाणी पाडली गेली. एक म्हणजे गिन्नी, विलायती सॉव्हरिन. तीवर घोड्याच्या पायांखालच्या जमिनीवर भारताची खूण म्हणून एक लहान रोमन अक्षर आहे. दुसरे पंधरा रुपयांचे नाणे. दोघांचे वजन सारखे, ७.९८ ग्रॅम, दोघांत सोने सारखेच, बारा भागांत अकरा. सोनाराच्या तराजूत या जुळ्या बहिणी. पण संग्राहकांच्या बाजारात पंधरा रुपयांच्या नाण्याला गिन्नीपेक्षा बराच जास्त भाव येतो, आणि त्यातही जे नाणे कोणी घासले नाही, ज्याला कडी लावली नाही, त्याचा भाव आणखी वर. दूरच्या माणसाकडून, नुसते चित्र पाहून नाणे घेणाऱ्याला तिसऱ्या तटस्थ माणसाचा शब्द मिळतो. विकणारा 'एकदम नवे' म्हणतो आणि घेणारा 'झिजलेले' म्हणतो, हा कायमचा वाद काही अंशी मिटतो. नवशिक्याची फसवणूक टळते, हा सर्वांत मोठा लाभ.

पण या पद्धतीचे मला अप्रूप असले तरी तिच्यापुढे हात जोडायची माझी तयारी नाही. तेच नाणे पुन्हा पाठवले तर कधी आकडा बदलतो. डब्यांच्याही नकला निघाल्या आहेत. आणि मुख्य म्हणजे हे आकडे यंत्राच्या नाण्यांसाठी जन्मले. आपला होन हातोड्याने पाडलेला. खालचा ठसा ऐरणीत, वर सोन्याची चकती, वरचा ठसा हातात, आणि घाव. चकती लहान, ठसा मोठा. घाव जरा सरकला की 'श्री' अर्धी बाहेर. अशा होनावर अक्षर अपुरे दिसले तर ते झिजले असे नव्हे. ते कधी उमटलेच नव्हते. टाकसाळीतला दोष आणि वापराची झीज या दोन वेगळ्या गोष्टी. झिजलेल्या अक्षराच्या कडा गोल होतात, माथा सपाट होऊन चकाकतो. न उमटलेल्या अक्षराच्या जागी चकतीचा मूळचा पृष्ठभाग तसाच असतो. हे ओळखायला मराठी नाणी पाहिलेला डोळा लागतो.

शिवाय एक कायद्याची गोष्ट आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे साताऱ्यातल्या घरातला होन प्रत लावून आणायला परदेशी धाडणे हा गुन्हाच. मुंबईची ती १९१८ ची गिन्नीसुद्धा २०१८ मध्ये शंभर वर्षांची झाली. तेव्हा आपल्याला आपले जाणकारच गाठले पाहिजेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था १९८० पासून आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये नाण्यांचे संग्रहालय उघडले. शाळेची सहल मुंबईला गेली तर मुलांना तेथे जरूर न्या.

घरच्या घरी काय करावे, तेही सांगतो. पहिली गोष्ट, नाणे घासू नका. चिंच नको, राख नको, रांगोळी नको, दंतमंजन तर मुळीच नको. सोने गंजत नाही. वरचा मळ गेला नाही तरी बिघडत नाही, पण घासण्याने पडलेले बारीक ओरखडे पुन्हा बुजत नाहीत. माती असेल तर साध्या पाण्यात बुडवून ठेवा आणि मऊ कापडावर नुसते टिपा. दुसरी गोष्ट, कडी जोडू नका, डाख देऊ नका, भोक पाडू नका. जुन्या माळेतल्या पुतळीला कडी आधीच असेल तर ती काढायलाही जाऊ नका. तिच्यापुरता तोच तिचा इतिहास आहे. आणि जुन्या नाण्यावर हॉलमार्कचा शिक्का मारून मागू नका. दागिन्यांसाठी ती पद्धत उत्तम, २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली तेही योग्य. पण होनावर आजचा शिक्का म्हणजे पोथीवर रबरी ठसा.

शिक्षकांना प्रयोगशाळेतला एक प्रयोग करता येईल. नाण्याला ओरखडा न पाडता धातू ताडून पाहण्याची ही रीत आर्किमिडीजची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्यावा. गिन्नीचे वजन हवेत ७.९८ ग्रॅम. मऊ दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलली तर ती सुमारे ०.४५ ग्रॅमने हलकी भरते. तेवढ्याच वजनाची पितळी चकती ०.९४ ग्रॅमने, म्हणजे दुपटीहून जास्त, हलकी भरेल. मुलांना हे दिसते आणि पटते. मात्र टंगस्टन नावाचा धातू पाण्यात जवळजवळ सोन्याइतकाच भरतो, आणि खऱ्या सोन्यात पाडलेला खोटा होन तर या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होईल, हेही त्याच तासाला सांगावे.

नोंद ठेवण्यासाठी एक साधी वही पुरे. नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी, कोणाच्या घरातले आणि कोणाकडून आले, शेतात मिळाले तर कोणत्या गटात आणि किती खोल. प्रत लावणारी संस्था नाण्याला आकडा देईल, पण ते कोठे निघाले हे तिला सांगता येणार नाही. ते तुम्हीच सांगू शकता, आणि तेही पहिल्या चार दिवसांत; नंतर कोणाला आठवत नाही.

शेवटी जमिनीत सापडलेल्या नाण्यांविषयी, कारण याबाबत लोकांच्या मनात धास्ती फार असते. 'सरकार सगळे नेते' म्हणून माणूस रातोरात ते मुशीत घालतो. १८७८ चा गुप्तनिधीचा कायदा काय म्हणतो ते ऐका. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. गावात तलाठ्यापासून सुरुवात केली तरी चालते. कोणी हक्कदार पुढे आला नाही आणि ठेवा बेवारशी ठरला, तर त्यातला तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो ठेवा संग्रहासाठी हवा असेल, तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम सरकार मोजते, आणि तीच रक्कम याच प्रमाणात वाटली जाते. जो लपवतो त्याचा वाटा मात्र जातो, आणि वर शिक्षा होते ती वेगळी. हंडा सापडला तर त्याचे तोंड उघडून नाणी ओतू नका. जसा आहे तसा राहू द्या, आतल्या नाण्यांचा थरही जाणकाराला काही सांगतो. आणि गावात कोणी पोतदार आडनावाचे असतील, तर पंचनाम्याला त्यांना आवर्जून बोलवा.